हात भूमला तुटतो, नस शिकागोत जुळते

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्याचं पोट दुधावर चालतं. पाऊस बेभरवशाचा, बालाघाटच्या माळाची जमीन हलकी. म्हणून दारोदारी दोन-चार जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. कुंथलगिरीला दर्शनाला आलेला माणूस पेढा घेतल्याशिवाय परत फिरत नाही. या दुधाच्या धंद्यात एक यंत्र असं आहे की ज्याच्याबद्दल आपण कधी धड बोलत नाही, कारण ते सगळ्यांच्याच गोठ्यात आहे. कडबाकुट्टी.

तिचं काम जवळून बघा. मोठ्या चाकाला पाती, त्याच्या पुढे दातेरी रूळ आणि वैरण सारायचं तोंड. रूळ कडबा धरतात, आत ओढतात, पाती तुकडे पाडतात. वाळला कडबा सरळ जातो. ओलं कडवळ नि गवत मात्र गुंतून बसतं. गुंतलं की माणूस हातानं लोटतो. लाईट गेलेली असेल तर बटन बंद न करताच गुंता काढायला हात घालतो, आणि तेवढ्यात लाईट येते. पदराचं टोक, स्वेटरची बाही, हातातल्या बांगड्या, यांतलं काहीही रुळाच्या दातात सापडलं की मागं ओढायला सवड मिळत नाही. बोटं जातात, पंजा जातो, कधी कोपरापर्यंत हात जातो. मळणीयंत्राची तीच तऱ्हा, रसवंतीच्या चरकाचीही तीच.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. कडबाकुट्टीत हात अडकून महिला गंभीर जखमी, रुग्णालयात हलवलं, प्रकृती स्थिर. पाचवी ओळ कुणी लिहीत नाही. प्रकृती स्थिर झाली, पण त्या हाताचं पुढं काय झालं? टाके निघाल्यावर ती बाई धार कशी काढते? लुगडं कसं नेसते? आज ही पाचवी ओळ लिहायची आहे, आणि ती लिहायला आधी थेट अमेरिकेत जावं लागेल.

२००१ च्या मे महिन्यात टेनेसी राज्यात जेसी सुलिव्हन नावाच्या लाईनमनला कामावर असताना सात हजारांहून जास्त व्होल्टचा झटका बसला. आपल्याकडे खांबावर चढलेल्या वायरमनवर जी वेळ येते तीच. दोन्ही हात खांद्यापासून गेले. शिकागोत टॉड क्विकेन हे डॉक्टर आणि इंजिनिअर अशा दोन्ही पेशांतले गृहस्थ, आणि ग्रेगरी ड्युमेनियन हे प्लास्टिक सर्जन. दोघांनी मिळून २००२ मध्ये सुलिव्हनवर एक शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, खांद्यापाशी तुटून पडलेले होते. त्यांनी ते उचलले आणि छातीच्या स्नायूंना जोडून दिले.

असं का केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. हात गेला तरी मेंदूला ते मान्य नसतं. मूठ आवळ, बोटं उघड, मनगट फिरव, असे हुकूम तो सोडतच राहतो. तार तुटली म्हणून मागची वीज थांबत नाही, तसंच हे. पण नसेतला हा संदेश इतका क्षीण असतो की बाहेरून पकडता येत नाही. स्नायू मात्र तो संदेश मोठा करून दाखवतो. नस रोज साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढते. ती छातीच्या स्नायूत रुजायला काही महिने गेले. मग सुलिव्हननं मूठ आवळायचं मनात आणलं की छातीचा एक ठरावीक भाग फडफडायला लागला. कातडीवर बसवलेल्या इलेक्ट्रोडनं स्नायूतला तो संदेश टिपला आणि मोटारीच्या हातानं मूठ आवळली. पुढं तर असंही दिसलं की छातीच्या त्या कातडीला बोट लावलं तर सुलिव्हनला गेलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखं वाटे.

ही गोष्ट आता वीस वर्षांहून जुनी आहे. त्यानंतर बरंच झालं. मिशिगन विद्यापीठात पॉल सेडर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी सोपी वाट काढली. नसेच्या तुटक्या टोकाभोवती रुग्णाच्याच स्नायूचा लहानसा तुकडा गुंडाळून शिवायचा, नस त्यातच रुजते. त्या तुकड्यात इलेक्ट्रोड बसवून वेगवेगळी बोटं मनानं हलवता येतात, हे त्यांनी २०२० मध्ये दाखवलं. बोस्टनकडे एमआयटीत ह्यू हर पायावर काम करतात. गिर्यारोहणात हिमदंश होऊन त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय वयाच्या सतराव्या वर्षी गुडघ्याखाली कापावे लागले होते. त्यांच्या चमूनं पाय कापण्याची रीतच बदलली. पोटरीचा एक स्नायू आखडला की समोरचा ताणला जातो. या जोडीमुळेच डोळे मिटूनही आपला पाय कुठं आहे हे आपल्याला कळतं. नेहमीच्या शस्त्रक्रियेत ही जोडी तुटते. त्यांनी ती पुन्हा बांधली. जुलै २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. अशी जोडी बांधलेले सात जण आणि नेहमीच्या पद्धतीनं पाय कापलेले सात जण ताडून पाहिले, तर पहिल्या सात जणांचा चालण्याचा वेग ४१ टक्क्यांनी जास्त भरला. जिने, चढ, वाटेतला अडथळा, सगळं त्यांना जास्त सहज जमलं.

या बातम्या आपल्याकडं येतात तेव्हा फोटो चकचकीत यंत्राचा असतो. वाचणारा म्हणतो, हे आपल्यासाठी नव्हे, आणि पान उलटतो. माझं म्हणणं इथंच सुरू होतं. सुलिव्हनच्या बाबतीत काय किंवा बोस्टनच्या त्या सात जणांच्या बाबतीत काय, निम्मी किमया मोटारीत नव्हती. ती ऑपरेशनच्या टेबलावर, सुरीनं आणि दोऱ्यानं झाली होती. नस कुठं ठेवली, स्नायू कसा बांधला, स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला भाग, केवढा राखला, यावर पुढच्या सगळ्या गोष्टी ठरल्या. आणि हात कापावाच लागला तर तो कापण्याचं टेबल भूमच्या माणसाच्या वाट्यालाही येतं. बार्शीला येतं, सोलापूरला येतं, धाराशिवला येतं. यंत्र उद्या मिळो न मिळो, त्या टेबलावर नसेची काळजी घेतली जावी ही मागणी आज करता येते.

आणि ही मागणी यंत्रासाठीच आहे असंही नाही. हात गेलेल्या माणसाजवळ कधी रात्र काढली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. नसलेली बोटं आवळल्यासारखी होतात, नसलेल्या तळव्याला आग होते, नसलेल्या मनगटाला पीळ बसतो. दिवसभर सोसतं, रात्री सोसवत नाही. घरच्यांना वाटतं मनावर परिणाम झाला. कुणी म्हणतं बाहेरचं असेल. अंगारा येतो, लिंबू उतरवून टाकतात. माणूस बिचारा गप्प बसायला शिकतो, कारण जिथं हातच नाही तिथं दुखतंय हे सांगायचं कुणाला आणि कसं?

हे दुखणं खरं आहे. नसेचं तुटकं टोक वाढायला जागा शोधतं, जागा मिळाली नाही तर त्याची गाठ होते, आणि ती गाठ सतत ठणकते. शिवाय मेंदूही गेलेल्या हाताचा नकाशा सोडत नाही. शिकागोत नसा स्नायूंना जोडल्या त्या यंत्र चालावं म्हणून, पण पुढं ध्यानात आलं की अशा रुग्णांचं दुखणंही कमी होतंय. ड्युमेनियन यांच्या गटानं २८ रुग्णांवर रीतसर चाचणी केली. काहींच्या नसा स्नायूंना जोडल्या, काहींवर नेहमीची शस्त्रक्रिया केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. नस जोडलेल्यांचं नसलेल्या अवयवाचं दुखणं जास्त उतरलं. या रुग्णांचे अवयव आधीच गेलेले होते, दुखणं जुनं होतं. म्हणजे ज्यांचा हात पाच वर्षांपूर्वी गेला त्यांच्यासाठीही दार बंद नाही. मोटारीचा हात कधीच मिळणार नाही अशा माणसालाही ही शस्त्रक्रिया रात्रीची झोप परत देऊ शकते.

ते करणारे हात आपल्याकडं आहेत का? आहेत. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनवर फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत पडून मोनिका मोरे या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे दोन्ही हात गेले. साऱ्या महाराष्ट्रानं ती बातमी वाचली होती. तिला विजेवर चालणारे कृत्रिम हात मिळाले, तरी ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई आणि त्यांच्या चमूनं तिला दुसऱ्या माणसाचे दोन्ही हात जोडले. हाड, रक्तवाहिन्या, स्नायू, आणि एकेक नस. परळमध्ये ज्यांनी परक्या हातांच्या नसा जुळवल्या त्यांच्यासारख्या सर्जनांना माणसाची स्वतःची नस त्याच्याच स्नायूला जोडणं अवघड वाटू नये. कौशल्य राज्यात आहे. ते कौशल्य आणि भूमचा रुग्ण यांची गाठ घालून देणारी चिठ्ठी कुणी लिहीत नाही, हे खरं दुखणं आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘ड्रेसिंग, एक आठवड्यानं दाखवणे’ असं असतं. त्याखाली ‘नसेच्या दुखण्यासाठी प्लास्टिक सर्जनकडे, कृत्रिम हातासाठी पुनर्वसन विभागाकडे’ एवढी एक ओळ घालायला खर्च शून्य आहे.

दुखण्यावर आणखी एक साधा उपाय आहे, आरसा. सॅन डिएगोचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन, मूळचे आपल्याच देशातले, यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की धडका हात आरशासमोर धरून हलवला आणि त्याच्या प्रतिबिंबाकडं गेलेला हात म्हणून पाहिलं, तर कित्येकांची आवळलेली, नसलेली मूठ सुटते. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. पण बाजारात मिळणारा साधा आरसा लागतो, आणि पंधरा मिनिटं शिकवणारा माणूस लागतो. ग्रामीण रुग्णालयात हे करायला कुणाची मंजुरी हवी?

आता यंत्राकडं वळू. मला त्याचं वावडं नाही, उलट ते इथं यावं असंच वाटतं. पण कसं यावं? कोपराखालच्या हाताच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड ठेवून चालणारे हात आज भारतातही बनतात, तरी चांगल्या हाताची किंमत लाखांच्या घरात जाते. खव्याच्या भट्टीवर तो घालून उभं राहून बघा. कढईची धग, वाफ, लांब दांड्याचं उलथणं सतत फिरतं. पाच मिनिटांत घामाच्या धारा. घामानं इलेक्ट्रोड सरकतो, सरकला की हात भलतंच करतो. गोठ्यात शेण, पाणी, वैरणीचा भुसा. बरेच मोटारीचे हात पाण्याला भितात. रोज चार्जिंग लागतं, आणि आमच्याकडं लाईट कधी असते ते महावितरणलाच ठाऊक. ऑफिसात बसणाऱ्यासाठी घडवलेला हात धार काढणाऱ्या बाईच्या खांद्याला नुसतं ओझं होतो, मग तो कापडात गुंडाळून कपाटावर जातो.

जयपूर फूट का टिकला? १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी आधी माणसाचं जगणं पाहिलं. आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. विलायती पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्याचा होता. यांनी रबराचा, लवणारा, भिजला तरी चालणारा पाय घडवला. सुधा चंद्रन तोच पाय लावून पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. हाताच्या बाबतीत ते काम अजून व्हायचं आहे. कढईवर, गोठ्यात आणि उसाच्या फडात टिकेल असा, नसेच्या हुकुमानं चालणारा हात भूमच्या भट्टीवर उभा राहून कुणी घडवला, तर तो जगभरातल्या शेतकऱ्यांना चालेल. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. हा घ्या विषय. भट्टीवाले नाही म्हणणार नाहीत.

तोवर साधी साधनं आहेतच. रोटरीच्या शिबिरांतून एलएन-४ नावाचा प्लास्टिकचा हात फुकट मिळतो. त्यात वीज नाही, नस नाही. बोटं दुसऱ्या हातानं दाबून अडकवायची. कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर तो बसतो, आणि सायकलचा दांडा, चमचा, पेन धरता येतं. ज्याला मिळाला त्यानं आनंदानं वापरावा. शिबिरांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. शिबिर येतं, मंडप पडतो, माप घेतात, हात-पाय वाटतात, फोटो निघतात, गाडी जाते. पहिल्या वर्षभरात स्टंप आटतो, त्याचा आकार बदलतो. जो सॉकेट, म्हणजे स्टंपवर चढणारी वाटी, शिबिरात घट्ट बसला होता तो सहा महिन्यांत ढिला होतो, घासतो, जखम करतो. पट्टा तुटतो. पायाचा स्क्रू सैल होतो. तेव्हा जायचं कुठं? मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, पण ते सैनिकांसाठी उभं राहिलेलं. भूमला रेल्वे नाही. एक पट्टा शिवायला एक पाय नसलेल्या माणसानं एसटीनं बार्शी नाहीतर कुर्डुवाडी गाठायची, तिथून रात्रीची गाडी, आणि मुंबईत ओळखीचं कुणी नसेल तर दुसरी रात्र फलाटावर. दोन दिवसांची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते. एकदा जाईल, दुसऱ्यांदा जाणार नाही.

पैशाचं म्हणाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख रुपये मिळतात, दोन्ही गेले तर २ लाख. खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसालाही हे संरक्षण आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. घरातला माणूस दवाखान्यात असताना ३० दिवस कसे जातात हे ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून शेजाऱ्यानं, ग्रामसेवकानं, सोसायटीच्या सचिवानं ते कागद आपणहून करून द्यावेत. पण त्या १ लाखात दवाखान्याचं बिलच उरकत नाही, हात कुठून यायचा?

‘सरकार एवढं महागडं यंत्र कुणाकुणाला देणार?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. सरकार देतं. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. २०१४ च्या फेरबदलात तिच्यात कॉक्लिअर इम्प्लांट आलं. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांसाठी, दर मुलामागं तेव्हा ६ लाख रुपयांपर्यंत. ते यंत्र करतं काय? आवाजाचं विजेत रूपांतर करून थेट कानाच्या नसेला पोचवतं. म्हणजे नसेला जोडलेलं महागडं यंत्र गरिबाच्या लेकराला सरकारी खर्चानं द्यायचं, हे तत्त्व या देशानं आधीच मान्य केलंय, आणि फार चांगलं केलंय. कानाच्या नसेला जो न्याय तोच हाताच्या नसेला का नको? इस्रोनं २०२२ मध्ये संगणकीय गुडघा तयार होत असल्याचं सांगितलं, तो परदेशी गुडघ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल असंही सांगितलं. तो गुडघा जिल्ह्याच्या ठिकाणी कधी बसवून मिळणार, हे आपल्या खासदारांनी संसदेत विचारावं. विषय भूमचा आहे, धाराशिवचा आहे.

आणि मुळात हात तुटूच नये म्हणून? आयआयटी दिल्लीत प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेतल्या गावांत फिरून चारा कापायच्या यंत्रांचे अपघात अभ्यासले होते. हात गमावणाऱ्यांत लहान मुलंही होती. त्यांनी सुचवलेले उपाय लोहाराच्या आवाक्यातले आहेत. रुळाच्या अलीकडं एक सुटा रूळ, म्हणजे हात पुढं गेला की आधी त्याला लागेल आणि माणूस सावध होईल, पात्यांवर झाकण, काम नसताना चाक अडकवून ठेवायला खीळ. यात एकच भर घाला. लाईट गेली की आधी बटन बंद, मग गुंता. धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा १९८३ मध्येच झाला, मळणीयंत्र त्यात नावानिशी आहे. भूमच्या बाजारात आज विकायला ठेवलेल्या कडबाकुट्टीला झाकण आहे का, हे बघायला कृषी खात्याचा माणूस शेवटचा कधी गेला होता?

इतकं करूनही तुटलाच, तर तुटलेला भाग टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा, ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट मांसाला लागू देऊ नका. जखमेवर दाब द्या, १०८ ला फोन लावा, आणि जिथं हात जोडतात अशाच ठिकाणी न्यायला सांगा. साधारण सहा तास हातात असतात.

धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं कृत्रिम अवयव तंत्रज्ञाचं पद मंजूर आहे का, मंजूर असेल तर माणूस कोणत्या दिवशी कोणत्या खोलीत बसतो, सॉकेट बदलायचं सामान तिथं आहे का, हे जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी विचारायला हवं. एक तंत्रज्ञ, एक खोली, प्लास्टर, एक ओव्हन, एक शिलाई मशीन. महिन्यातून एकदा त्यानं भूमच्या रुग्णालयात यावं. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा, ठरावाची प्रत आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना द्यावी. तोंडी सांगू नका. लेखी द्या, आणि पोच घ्या.